तिसऱ्यांदा विचारणारा माणूस

पत्र मेसच्या पत्त्यावर आलं. मी शुऐबाच्या कँपवर एका इटालियन कंपनीत ड्राफ्ट्समन आहे आणि माझी पत्रं ऑफिसात येतात. पण या पाकिटावर पत्ता होता, ‘भाऊ, इटालियन साहेबांची मेस, शुऐबा, कुवेत’. अक्षर शाळेत गिरवलेलं, गोल, प्रत्येक काना-मात्रा जागच्या जागी. ते कासमभाईंच्या मुलीचं, हमीदाचं होतं. अब्बा शुक्रवारी पहाटेच्या नमाजानंतर गेले, हे पहिल्याच ओळीत होतं. पुढं औषधांबद्दल थोडं, कोण कोण येऊन गेलं त्याबद्दल थोडं, आणि शेवटी लिहिलं होतं, ‘आदल्या दिवशी अब्बा दोनदा म्हणाले, भाऊंची तिसरी फेरी राहिली, त्यांना कळव. आम्हांला त्याचा अर्थ लागला नाही. तुम्हांला लागेल म्हणून लिहिते.’ मला अर्थ लागला. आत टेबलं मांडली जात होती, काटे-चमच्यांचा आवाज येत होता, आणि मी मेसच्या पायरीवर बसून राहिलो. त्याला आता चाळीस दिवस होऊन गेले.

कासमभाई बाणकोटच्या खाडीकाठचे, मी दापोलीच्या अलीकडचा. गावाकडं असतो तर आमची कधी गाठ पडली नसती. ते इथं बोटीनं आले तेव्हा पगार अजून रुपयांत मिळत असे आणि कुवेत शहराभोवतीची मातीची भिंत उभी होती. आधी वाळवंटातल्या एका कँपवर ताटं धुतली, मग तिथल्याच इटालियनांच्या मेसमध्ये वाढपी झाले, मग मुख्य वाढपी. कँप बदलत गेले, साहेब बदलत गेले, पण कासमभाई आणि त्यांचा खळ घातलेला पांढरा कोट तोच राहिला. दारूच्या बाटलीला आणि डुकराच्या मांसाला हात लावणार नाही ही त्यांची पहिल्या दिवशीची अट, ती इटालियनांनी मानली आणि शेवटपर्यंत पाळली. बाकी सगळं त्यांचं राज्य. जेवण चालू असताना ते भिंतीला पाठ न टेकवता उभे असायचे, डाव्या हातावर रुमाल, नजर सोळा ताटांवर. कुणाला पाणी हवंय हे त्या माणसाच्या आधी त्यांना कळायचं. कामाचे कागद घेऊन मेसवर गेलो की मला सुरुवातीला या रुबाबाची गंमत वाटायची आणि मी त्यांना ‘गव्हर्नर’ म्हणायचो. त्यांना ते आवडायचं, हे ते कधी कबूल करत नसत.

कंपनीनं मला सहा महिन्यांसाठी इटलीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा आमची खरी ओळख झाली. उत्तरेकडच्या एका छोट्या गावात कंपनीचा कारखाना होता, तिथं यंत्रांची ड्रॉइंग्ज शिकायची होती. ड्रॉइंगची मला भीती नव्हती. भीती होती ती टेबलाची. मी चाकू-काट्यानं कधी जेवलो नव्हतो, त्यात शाकाहारी, त्यात भिडस्त. हे कासमभाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला निरोप धाडला की रोज तीनला मेसवर यायचं, मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, बांगेपर्यंत थांबायचं. माझ्याआधी सहा जणांना त्यांनी असं तयार करून इटलीला पाठवलं होतं. ते सगळे तिथूनच पुढं दुसऱ्या कामांवर गेले, परत कुणी आलं नव्हतं.

तो रमजानचा महिना होता आणि ईदनंतर आठवड्यानं मला निघायचं होतं. दिवसा अन्न बाहेर काढायचा प्रश्नच नव्हता, खुद्द गुरुजींचाच रोजा. तेव्हा सगळी शिकवणी रिकाम्या ताटांवर झाली. थंडीचे दिवस. मेसचे पडदे ओढलेले, त्यातून पिवळसर उजेड टेबलक्लॉथवर पडलेला, आणि बाहेर धुळीमुळं समुद्र कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नसे. सोळा खुर्च्यांच्या त्या लांबलचक टेबलाशी मी एकटा बसलेला आणि माझ्या डाव्या बाजूला कासमभाई, दोन्ही हातांत रिकामं तबक धरून...

‘बसा, भाऊ. समजा भूक लागलीय,’ एवढं म्हणून ते सुरुवात करायचे. मग एकेक पदार्थ येई. हा पहिला, यात टोमॅटो आहे, वर एक पान आहे, आपल्या तुळशीच्या चुलत बहिणीचं. इथंच पोट भरायचं नाही, अजून दुसरा यायचाय. आपली माणसं पहिल्यालाच जेवण समजून उठायला बघतात. पाव चाकूनं कापायचा नाही, हातानं तोडायचा, ताटात नाही तर सरळ टेबलक्लॉथवर ठेवायचा, आणि उलटा तर कधीच ठेवायचा नाही. कोशिंबीर शेवटाकडं. दुधाची कॉफी फक्त सकाळी. जेवणानंतर मागितली तर घरची बाई तुमचं पोट बिघडलंय असं समजेल. कुणाच्या घरी जेवायला जायचं असेल तर वाटेत मिठाईचा पुडा घ्यायचा, रिकाम्या हातानं दार वाजवायचं नाही. मासळीवर किसलेलं चीज घालायचं नाही, हे सांगताना तर ते खूश होत. मासळी आणि दूध एकत्र नको, हे त्यांच्या आईनंही खाडीकाठी सांगितलं होतं. मला मासळीशीच कर्तव्य नव्हतं, पण मी मान डोलवायचो.

स्पगेत्तीसाठी त्यांनी स्टोअरमधली सुतळी पाण्यात भिजवून ठेवली होती. चार धागे काट्यावर घ्यायचे, ताटाच्या कडेला टेकवून फिरवायचे, चाकू लावायचा नाही, खाली चमचा धरायचा नाही. दहा दिवस मी सुतळी गुंडाळत होतो. पण माझं खरं दुखणं डावा हात. जेवताना तो मांडीवर ठेवायची जन्माची सवय, आणि तिकडं दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेवर दिसली पाहिजेत. हात खाली घसरला की कासमभाई तबकावर चमच्यानं एकदा टकटक करायचे, बोलायचे नाहीत. हळूहळू मला त्या रिकाम्या ताटांत वास यायला लागला. समोरच्या माणसाच्या पोटात पहाटेपासून पाण्याचा घोट नाही, ओठ सुकलेले, आणि तो मला लोण्यात परतलेल्या भाताबद्दल सांगतोय, हळू, चवीनं, कुठलीही घाई नसल्यासारखं. इतकं सावकाश आणि इतकं पोटभर मी आयुष्यात पुन्हा जेवलो नाही.

या सगळ्यातला शेवटचा धडा त्यांनी राखून ठेवला होता. तो होता नको म्हणण्याचा. तबक पहिल्यांदा पुढं आलं की नको म्हणायचं. दुसऱ्यांदा आलं की ताटावर हात आडवा धरायचा. तिसऱ्यांदा आलं की घ्यायचं, आणि जे मिळेल ते संपवायचं. मी म्हटलं, हे तर आपल्या घरासारखंच झालं. त्यावर कासमभाईंचा चेहरा असा उजळला की मी पाहत राहिलो. पंधरा वर्षं त्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सोळाच्या सोळा साहेब, नवा आलेलासुद्धा, दोनदा नको म्हणणार आणि तिसऱ्यांदा घेणार. बाकी सगळ्या रीती त्यांनी परक्यांच्या म्हणून शिकून घेतल्या होत्या, ही एक त्यांना ओळखीची निघाली होती. मग बांग व्हायची, आम्ही स्वयंपाकघरामागं चटईवर बसायचो, ते खजूर तोंडात टाकायचे, पाणी प्यायचे आणि पहिलं भजं माझ्यापुढं करायचे. मी नको म्हणायचो. मग खरी शिकवणी सुरू व्हायची.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. कोट काढलेला होता, नुसत्या बनियनवर ते एकदम लहान दिसले. ‘भाऊ, मी खुर्चीमागं उभा ऱ्हावून शिकलोय. खुर्चीत बसवून मना कुणी शिकवलं नाय,’ ते म्हणाले. ‘तिथं जावन बगा आणि मना खरं सांगा. सा जणांना मी पाठवलंय. चुकीचं शिकवून पाठवलं असंल, तर मना ते कळाया हवं.’ मी शब्द दिला. देताना जड गेलं नाही, कारण त्या वेळी मला त्यांच्या शिकवण्यात काही खोट असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

त्या गावात माझी सोय एका विधवा बाईंच्या खाणावळीत केली होती. पहिल्या संध्याकाळी टेबलाशी आठ माणसं होती. मी मनगटं कडेवर ठेवली, रुमाल मांडीवर घेतला, पाव हातानं तोडला. बाईंनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मग भाताचं मोठं तबक घेऊन त्या माझ्याकडं आल्या, मी हसून मान हलवली, आणि त्या पुढच्या माणसाकडं गेल्या. मी दुसऱ्या फेरीची वाट पाहत बसलो. तबक टेबलाला वळसा घालून आत गेलं ते गेलंच. पुढच्या पदार्थाचंही तसंच झालं. मला वाटलं, आज गर्दी असेल. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आठवडाभर मी पाव, फळं आणि सकाळच्या दुधाच्या कॉफीवर काढला. पँट कमरेला राहीना. कासमभाई चुकले असतील ही शंका मला तेव्हाही आली नाही. मला वाटे, माझ्याच नको म्हणण्यात काही कमी आहे, आणि मी जास्तच नम्रपणे नको म्हणायचो. शेवटी बाईंनी खुणांनी आणि तुटक इंग्रजीत काळजीनं विचारलं की तुमच्याकडं तो उपासाचा महिना अजून चालू आहे का.

रविवारी ब्रूनोसाहेब आले. ते आमच्या शुऐबाच्या कँपवरचे इंजिनीअर, सुट्टीवर घरी आलेले, मला भेटायला म्हणून मुद्दाम जेवायला थांबले. माझं नको म्हणणं त्यांनी पाहिलं आणि घास तोंडात ठेवूनच ते हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग बाईंना थांबवून त्यांनी माझं ताट स्वतः भरलं आणि मला सांगितलं की ही रीत इथली नाही. दुसऱ्या कुठल्या गावात कुणी आग्रह करत असेलही, पण या टेबलावर नको म्हणजे नको. ही रीत कासमची. फार वर्षांपूर्वी वाळवंटातल्या त्या जुन्या कँपवर कुणी पहिल्याच वेळी हो म्हणून वाढून घेतलं की कासमचा चेहरा पडायचा, आपल्या हातून काही राहून गेल्यासारखा. एकदा आजारी पडलेल्या एका माणसानं नको म्हटलं, तर कासम तबक घेऊन परत आला, पुन्हा परत आला, आणि त्यानं दोन घास घेतल्यावर दिवसभर खुशीत होता. मग हळूहळू सगळेच नको म्हणायला लागले. नव्या माणसाला जुने लोक पहिल्याच दिवशी कानात सांगून ठेवत. ‘घरापासून इतक्या लांब,’ ब्रूनोसाहेब म्हणाले, ‘आम्हांला तिसऱ्यांदा विचारणारं दुसरं कोण होतं?’

मी सहा महिने यावर विचार केला. कसं सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, हे त्या गावातल्या ओल्या रस्त्यांवरून चालताना घोकत होतो. परत आलो तेव्हा कासमभाईंनी दोन दिवस तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी मला स्टोअरमध्ये नेलं, तांदळाच्या पोत्यावर बसवलं, टोपी काढून हातात घेतली. मी एकेक सांगत गेलो. पाव बरोबर, कॉफी बरोबर, मनगटं बरोबर, स्पगेत्ती तर शंभर टक्के. ते प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. मग त्यांनी विचारलं, ‘आणि तीन वेळा?’

‘तसंच,’ मी म्हटलं.

‘तिकडंपण?’

‘तिकडंपण.’

त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, ‘म्हंजे माणसं सगळीकडं आपल्यासारखीच.’ मला स्वतःची लाज वाटली. शब्द देऊन खोटं बोललो होतो, तेही ज्या माणसानं उपाशीपोटी मला जेवायला शिकवलं त्याच्याशी. पण खरं सांगितलं असतं तर पंधरा वर्षांतलं एकेक जेवण त्यांनी मनात परत मांडलं असतं आणि त्यांना वाटलं असतं की साहेब लोक इतकी वर्षं आपली गंमत करत होते. तसं नव्हतं. पण ते तसं नव्हतं हे समजावून सांगण्याइतकी माझी जीभ चालली नाही.

इटलीहून आल्यावर मला मेसच्या त्या टेबलावर कायमची खुर्ची मिळाली. मीही इतरांसारखा दोनदा नको म्हणायला लागलो आणि माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात केलेलं बिनमांसाचं जेवण कासमभाई तिसऱ्यांदा आणून वाढायला लागले. इथपर्यंत ठीक होतं. पण कंपनी माणसं पाठवतच होती आणि कासमभाई त्यांना शिकवतच होते. मग मी एक चोरटा धंदा सुरू केला. जाणाऱ्या माणसाला निघायच्या दिवशी गाठायचं आणि हळूच सांगायचं की बाबा रे, बाकी सगळं त्यांचं ऐक, पण पहिल्याच वेळी हो म्हण. महाडचा सलीम नावाचा एक वेल्डर होता, त्यालाही असंच सांगून पाठवलं. तो चांगला धष्टपुष्ट होऊन परत आला.

यंदाच्या उन्हाळ्यात कासमभाईंचा खोकला वाढला. ते रजेवर गावी जायला निघाले. बोट दुसऱ्या दिवशी होती म्हणून मी दुपारी त्यांना भेटायला फरवानियाला त्यांच्या खोलीवर गेलो. चौघांत मिळून एक खोली, मधोमध दोरीनं बांधलेली ट्रंक, शेजारी हमीदाच्या मुलासाठी घेतलेली तीनचाकी. खिडकीतून येणाऱ्या उन्हात धूळ तरंगत होती आणि कूलर घरघरत होता. मग ते उठले, आतल्या स्टोव्हवरच्या शेवया बशीत घालून आणल्या आणि माझ्यापुढं धरल्या. मी सवयीनं म्हटलं, ‘नको, आत्ताच जेवून आलोय.’ त्यांनी बशी उचलली आणि आत नेऊन ठेवली. मी वाट पाहिली... ते रिकाम्या हातानं बाहेर आले, ट्रंकेवर बसले आणि माझ्याकडं पाहत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं खोकला आला, पण ते हसत होते.

‘इटलीत असंच करत्यात ना?’ त्यांनी विचारलं.

सलीमनं सांगितलं होतं. भाऊंनी आधीच सावध केलं म्हणून उपाशी राहिलो नाही, असं बिचाऱ्यानं भाबडेपणानं, माझं कौतुक करायला म्हणून सांगितलं होतं. त्यालाही दोन वर्षं झाली होती. दोन वर्षं मी यांच्यासमोर रोज बसत होतो आणि यांना सगळं माहीत होतं. मी मान खाली घालून माफी मागितली. शब्द मोडला, असं म्हटलं. ते म्हणाले की पहिले दोन दिवस त्यांना फार लागलं, माझ्या खोट्यापेक्षा स्वतःच्या चुकीचंच जास्त. त्या सहा जणांचं वाटलं. तिसऱ्या दिवशी वाढायला गेले ते ठरवून की नको म्हटलं की तबक उचलायचं, परत जायचं नाही.

‘मग?’ मी विचारलं.

‘मग ब्रूनोसायबांनी नको म्हटलं आणि माझ्याकडं बघितलं. चेष्टेनं नाय बघितलं, भाऊ. आमची हमीदा लहानपणी रुसून जेवाया बसायची नाय, तेवा अशीच दारातून बघायची, कोण बोलवाया येतंय का.’ त्यांनी ट्रंकेची दोरी चाचपून पाहिली. ‘मी तिसरी फेरी घेवन गेलो. रीत कुणाची का असंना.’

खाली रस्त्यावर आमच्या कँपच्या बसनं हॉर्न दिला. कासमभाई घाईनं आत गेले आणि तीच बशी घेऊन परत आले. मी हसत हसत बशीवर हात आडवा धरला, आता सगळा खेळ उघड झाला होता म्हणून मुद्दामच धरला. पुन्हा हॉर्न वाजला. ते म्हणाले, ‘जावा, बस सुटंल. तुमची तिसरी राहिली, भाऊ. परत आलो की वाढतो.’ मी जिना उतरून बसमध्ये चढलो आणि खिडकीतून वर पाहिलं. ते गॅलरीत उभे होते, हातात बशी तशीच.

पत्र आलं त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारच्या जेवणाला सगळे होते. मी ब्रूनोसाहेबांना पत्रातलं सांगितलं होतं आणि त्यांनी ते बाकीच्यांना सांगितलं. कासमभाईंच्या जागी बैरूतच्या एका हॉटेलात शिकलेला नवा वाढपी आलाय, हुशार माणूस, त्याच्यापुढं सगळे पहिल्याच वेळी वाढून घ्यायला लागले होते. त्या दिवशी त्यानं भट्टीतल्या मॅकरोनीचं तबक ब्रूनोसाहेबांपुढं धरलं. एरवी माझं वेगळ्या भांड्यात, पण शुक्रवारची मॅकरोनी माझ्यासाठी म्हणून सगळ्यांनाच बिनमांसाची करायची, ही व्यवस्थाही कासमभाईंचीच. ब्रूनोसाहेब म्हणाले, नको. पुढच्यानं नको म्हटलं. त्याच्या पुढच्यानंही. टेबलाला पूर्ण वळसा घालून तबक जसंच्या तसं भरलेलं राहिलं आणि तो बिचारा गोंधळून ते आत घेऊन गेला. नियमानं त्याचं काहीच चुकलं नव्हतं. सगळी मनगटं टेबलाच्या कडेवर होती आणि सगळे स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहत होते.

मी उठलो, आत जाऊन तबक घेतलं आणि प्रत्येकाच्या डाव्या बाजूनं फिरलो. ताटांवर हात आडवे झाले. मी आत गेलो, ओट्याशी क्षणभर उभा राहिलो आणि पुन्हा बाहेर आलो. तेव्हा सगळ्यांनी घेतलं, थोडं थोडं, खाली बघत. शेवटी मी माझ्या जागेवर येऊन बसलो तेव्हा तबकात एका माणसापुरतं उरलं होतं. ब्रूनोसाहेब खुर्ची मागं सारून उठले, त्यांनी ते तबक उचललं आणि कासमभाई उभे राहायचे तिथं, माझ्या डाव्या बाजूला येऊन उभे राहिले. नको म्हणायला माझे ओठ हललेसुद्धा. पण माझ्या दोन फेऱ्या फरवानियात झाल्या होत्या. मी ताट पुढं केलं.